उष्टी हळद

बारामतीत माझ्या तोंडाला कुणी लागत नाही. रॉकेलच्या रांगेत मधेच घुसणाऱ्या बाईला मी दंडाला धरून मागं उभं केलंय. इंदापूरच्या एसटीत म्हाताऱ्या माणसाला उठवून स्वतः पसरलेल्या एका पुढाऱ्याच्या मेव्हण्याला भिगवणपर्यंत ऐकवलंय. ब्लाऊज शिवायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, "बाई, तुमच्या कात्रीपरीस तुमची जीभ बरी कापती." मला त्याचं मोठं कौतुक वाटायचं. आता नाही वाटत. कारण जिथं बोलायला पाहिजे होतं तिथं ही जीभ टाळ्याला चिकटून बसली आणि त्यात एका पोरीचं वाटोळं झालं. ती माझ्या भावाची बायको. तिचं नाव मी लिहिणार नाही. तिची तेवढी तरी अब्रू झाकलेली राहू दे, आमची उघडी पडली तर पडू दे.

नव्वदनंतरची ती वर्षं. आमचे हे एमआयडीसीत कामाला होते. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, दोन लहान पोरं, आणि पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन. माहेर इंदापूर तालुक्यात. आज्यापर्यंत आमच्यात मेंढरं होती, वडलांनी शेती धरली, आणि मी लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या वर्षी ते गेले. मागं आई आणि माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा भाऊ. त्याला मी कडेवर घेऊन वाढवलेला. तो पुढं बोअर मारायच्या गाडीवर लागला. गाडी कर्नाटकात जायची, आंध्रात जायची, आठ-आठ महिने गावाचं तोंड दिसायचं नाही. आला की आईला पातळ, मला बांगड्या, माझ्या पोरांना काहीतरी खेळणं. दारूचा थेंब नाही, तंबाखू नाही. सगळी भावकी म्हणायची, पोरगा असावा तर असा.

दिवाळीत त्याची सुपारी फुटली. मुलगी वालचंदनगरची. वडील तिथं कंपनीत कामाला, राहायला क्वार्टर. मुलगी दहावी झालेली, उंच, सावळी, बोलताना डोळ्यांनीच हसणारी. ती मीच पसंत केली होती. आई म्हणत होती रंगानं उणी आहे, मी म्हटलं, "तुझ्या पोराला काय आरशात बघितलं न्हाईस का कधी?" लग्न वैशाखात धरलं.

आणि माघात भाऊ गाडीवरून परत आला तो ओळखू येईना असा. ताप उतरेना, तोंड आतून पांढरं झालेलं, मानेवर आणि खांद्यावर खाजवून खाजवून फोड. आईनं अंगारे-धुपारे केले. शेवटी मीच त्याला बारामतीला आणला, दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी रक्त पुण्याला पाठवलं. आठ दिवसांनी बोलावणं आलं. आधी ह्यांना आणि भावाला आत घेतलं, मला बाहेर बाकावर बसवलं. समोरच्या भिंतीवर कवटी काढलेलं सरकारी पोस्टर होतं. मी ते पूर्ण वाचलं, दोनदा वाचलं, आणि तरी माझ्या डोक्यात आलं नाही की हे आपल्यासाठी लावलंय. मग डॉक्टरांनी मला आत बोलावलं. म्हणाले, "ताई, तुम्ही मोठ्या बहीण, म्हणून तुम्हालाही सांगतो. ह्यांच्या रक्तात एड्सचा विषाणू आहे. आत्ता औषधानं ताप उतरेल, हिंडतील-फिरतील. पण ह्यांचं लग्न करू नका. जी मुलगी येईल तिला हे लागणार."

पुढं कितीतरी वर्षं मी मनाची समजूत घालत आले, तेव्हा कुणाला काय कळत होतं, नवा रोग होता, आपण अडाणी माणसं. खोटं आहे ते. डॉक्टर मराठीत बोलले होते आणि मला मराठी येतं.

भाऊ तीन आठवडे आमच्याकडं राहिला. मी त्याचं ताट वेगळं केलं, तांब्या वेगळा केला, त्यावर खिळ्यानं खूण केली. त्याची वाकळ रोज उन्हात टाकायची. तो नळावर आंघोळ करून गेला की मी फरशी घासायची. पोरं "मामा, मामा" करत त्याच्याकडं झेपावायची, तर मी काहीतरी निमित्त काढून त्यांना ओढून न्यायची. त्याला कळत होतं. तो भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा. स्वतःच्या पोरांना त्याच्या शेजारी बसू दिलं नाही मी, आणि दुसऱ्याच्या पोरीला त्याच्या शेजारी पाटावर बसवायला निघाले. माझ्या शरमेचं मूळ तिथं आहे, बाकी सगळं त्याच्या फांद्या.

आईला सांगायला मी गावाला गेले. ती चुलीपुढं बसली होती. ऐकून आधी पदर तोंडाला लावून रडली. मग डोळे पुसले आणि पहिला प्रश्न हा विचारला, "कुणाला बोललीस का?"

"न्हाय. पण लगीन मोडाय लागंल, आई."

"मोडू? अन सांगू काय भावकीला? लगीन झालं की लागंल त्याच्या अंगाला चार घास. बायकू मागं लागून औषद घालंल."

"अन त्या पोरीला लागलं म्हंजी?"

"बाईमाणसाला काय हुतंय? नवऱ्याचं दुखनं-खुपनं बायकूनंच बघायचं असतं. मी न्हाय बघितलं तुझ्या बापाचं?" मग ती माझ्याकडं वळली. "एकुलतं एक लेकरू माझं. त्याला काय झालंच, तर बिनलग्नाचा जाळू? रुईच्या झाडासंगं लगीन लावू व्हय त्याचं?"

आमच्याकडं बिनलग्नाचा गडी मेला की जाळण्याआधी रुईशी त्याचं लग्न लावतात. आईला त्याची धास्ती होती. एवढा जिवंत पोरगा समोर, आणि तिला त्याच्या मेल्यावरच्या लग्नाची चिंता. आज वाटतं, लावायचं होतं रुईशीच. झाडाला रोग तर लागला नसता.

घरी आल्यावर ह्यांना विचारलं, तर म्हणाले, "तू मधी पडू नगंस. उद्या माहेर तुटलं तर रडत माज्याच नावानं बसशील." खरंच होतं ते. बापाच्या जमिनीवरचा हक्क मी भावाला कधीच सोडून दिला होता, आणि त्याच्या बदल्यात बाईला काय असतं, तर वर्षाला एक भाऊबीज आणि जायला एक दार. त्या दाराच्या लोभानं मी गप्प बसले. बाईला बाईची कणव असते म्हणतात ना, मला विचारा.

पोरीच्या वडलांच्या कानावर गेलंच की नवरामुलगा आजारी आहे. ते एक दिवस सुट्टी टाकून वालचंदनगरहून थेट बारामतीला आमच्या दारात. त्यांना आम्ही तात्या म्हणायचो. चहाला नको म्हणाले, मग घेतला. कपबशी हातात धरून म्हणाले, "ताई, राग मानू नगा. पोरीचा बाप हाय, इचारावं लागतं. जावईबापू वाळल्यात म्हनं लई."

"कावीळ झाली व्हती, तात्या. पोटात पाणी बाहेरचं गेलं, दुसरं काय न्हाय. आता उतरली."

"बाकी काय नाद-बिद?"

"दारूचा थेंब न्हाय." आणि हे मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, कारण ते खरं होतं.

ते हसले. "तुमी म्हनला, झालं आमचं समाधान. तुमच्या शब्दावर जातो मी." दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोनं एसटीच्या कंडक्टरबरोबर एक पुडी पाठवली. काविळीवरची कसली तरी मुळी होती, कशी उगाळून द्यायची ते चिठ्ठीवर पोरीच्या अक्षरात लिहिलेलं. ती मुळी मी चुलीत टाकली. चिठ्ठी मात्र जाळवली नाही. मशीनच्या खणात ठेवली, अजून आहे.

चैत्रात ती माझ्याकडं मापाला आली. लग्नातले ब्लाऊज नवऱ्याकडचे, आणि करवली शिंपीण, म्हणजे ते माझ्याकडंच. आई बरोबर होती तिची. पोरगी आल्या आल्या मशीनपाशी जाऊन बसली, चाकाला हात लावून बघितलं. "वन्सं, मला शिकवाल का? लगीन झालं की मी हितं येऊन आठ-आठ दिस ऱ्हाईन." मग कानाशी येऊन म्हणाली, "बाही फुग्याची करा. आईला सांगू नगा, ती म्हंती नटवी दिसतीया."

तिची आई मागं नळावर हातपाय धुवायला गेली. खोलीत आम्ही दोघीच. माझी टेप तिच्या पाठीमागून पुढं आलेली, तिचा श्वास मला ऐकू येत होता, इतकी ती जवळ. एक वाक्य बोलायचं होतं. बाई गं, ह्या घरात येऊ नकोस. बास. ते वाक्य माझ्या घशापर्यंत आलं, देवाशप्पथ आलं. आणि मी म्हणाले, "हात वर कर."

हळदीच्या दिवशी सकाळी भावानं मला गोठ्याकडं बोलावलं. तोवर तो जरा सावरला होता, गालावर मांस आलेलं. म्हणाला, "आक्का, मला न्हाय करायचं ह्ये. आईपुढं माजं काय चालंना. तू सांग त्यास्नी. तुजं सगळी ऐकत्यात."

मी म्हटलं, "आता सांगतूस व्हय शहाण्या? पत्रिका वाटून झाल्या, पावनी जेवाय बसल्यात."

"तुला बोलाय येतं, आक्का. मला न्हाय येत."

"गप बस आन पाटावर चल," म्हणाले मी. त्यानं पुन्हा तोंड उघडलं नाही. त्याचाही दोष होताच की, तो काही कुकुलं बाळ नव्हता. पण त्या दिवशी त्यानं माझ्यापुढं हात पसरले होते आणि मी त्याला हाताला धरून पाटावर बसवला.

पाच सवाष्णींनी त्याला हळद लावली. आमच्याकडं नवऱ्याच्या अंगाला लावून उरलेली हळद, ती उष्टी हळद, करवलीनं नवरीकडं घेऊन जायची आणि तीच नवरीला लावायची. माझ्या मावशीनं त्याच्या मानेवरून, खांद्यावरून हळद निरपली आणि वाटीत घालून वाटी माझ्या हातात दिली. त्या खांद्यावरच्या फोडांच्या खपल्या अजून पुरत्या गेल्या नव्हत्या. मी वाटी अंगापासून लांब धरली.

बाहेर जीप उभी होती, वाजंत्री चढत होते. मी "आले, आले" म्हणत न्हाणीत गेले, आतून कडी घातली. ती वाटी मोरीत ओतली. राखेनं घासली, चुलवणावरच्या कढत पाण्यानं तीनदा विसळली, हात साबणानं कोपरापर्यंत धुतले. मग कोठीतून नवी हळद घेतली, तेलात कालवली, वाटी भरली, वर रुमाल झाकला. कुणालाही कळलं नाही. जीपमध्ये मी वाटी मांडीवर धरून बसले होते आणि, खरं सांगते, मला फार बरं वाटत होतं. आठवडेच्या आठवडे छातीवर बसलेलं काहीतरी उतरलं. मला वाटलं, आपण त्या पोरीसाठी केलं काहीतरी. वाचवली तिला.

डॉक्टर काय म्हणाले होते ते ठाऊक असून मला असं वाटलं. माणूस स्वतःला किती फसवू शकतो बघा. रीत मोडायचं धाडस माझ्यात होतं, पण चोरून, न्हाणीत कडी लावून. मांडवात उभं राहून तोंड उघडायचं धाडस नव्हतं.

वालचंदनगरला क्वार्टरपुढं मांडव होता. मी पहिलं बोट तिच्या गालाला लावलं. फुग्याच्या बाहीचा ब्लाऊज तिनं घातला होता. ती डोळे मिटून हसली, म्हणाली, "वन्सं, गारेगार लागतंय." मी तिला चांगली हळद माखली, कानामागं, गळ्याला, पायांच्या बोटांपर्यंत. माझी स्वच्छ हळद. दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या.

मग काय, जे व्हायचं ते झालं. ती शिवण शिकायला एकदाच आली, चार दिवस. काजं फार सुंदर करायची. वर्षभरानं दिवस गेले, ते पाचव्या महिन्यात पडलं. आई म्हणाली, पोरीत दम नाही. भाऊ परत गाडीवर गेला, परत आला, आणि तिसऱ्या थंडीत अंथरुणाला खिळला तो उठला नाही. त्याचं सगळं तिनं काढलं. आई त्याच्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नव्हती, लांबून ताटली सरकवायची. सरकारी दवाखान्यात तिला पहिल्यांदा कळलं नवऱ्याला काय झालंय, आणि तिथंच तिचंही रक्त काढलं. तिच्यातही तेच निघालं.

दहाव्याला ओटीवर बायका बसल्या होत्या. त्यात आई मोठ्यानं म्हणाली, "माजं पोरगं पाण्यावानी निर्मळ व्हतं. हिनंच आणलं घरात. लगीन झालं आन त्याला घरघर लागली. कंपनीच्या वसाहतीत वाढलेली, कुणाला ठावं काय-काय केलंय." पोरगी खांबाला टेकून बसली होती. कुंकू पुसलेलं कपाळ. सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या, कारण मला तोंड आहे हे सगळ्यांना माहीत. मी म्हणाले, "आई, आता कशाला त्यो इषय." एवढंच. जणू आईचा आणि तिचा दोष सारखाच होता. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. त्याच दुपारी तात्या तिला घेऊन गेले, तिची पेटी डोक्यावर घेऊन ते स्टँडपर्यंत चालत गेले. आमच्यातल्या कुणीही पेटीला हात लावला नाही.

आठ महिने मी तिकडं फिरकले नाही. मग एक दिवस कुणीतरी सांगितलं, ती फार खंगलीय, आणि मला राहवेना. वालचंदनगरला गेले. दार तात्यांनीच उघडलं. मला वाटलं, तोंडावर दार लावतील. ते म्हणाले, "या ताई." अजून ताईच.

ती मागच्या दारी उन्हात बाजेवर बसली होती. अंगात तोच फुग्याच्या बाहीचा ब्लाऊज, खांद्यावरून ओघळणारा. दुसरं काय बोलावं सुचेना म्हणून मी म्हणाले, "काढ गं त्यो, दोन्ही बाजूनं घेऊन देते." तिनं आत जाऊन बदलला, आणून दिला. पिशवीत सुईदोरा असतोच माझ्या. मी बाजेच्या कडेला बसून टाके घालायला लागले. आतून तिच्या आईनं चहाचं आधण ठेवल्याचा आवाज येत होता.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "वन्सं, एक सांगू? आत्याबाई म्हंत्यात त्ये खरं न्हाय. मी कवा कुणाकडं वर तोंड करून बघितलं न्हाय. आईची आण. तुमी तरी इस्वास ठेवा."

ती माझ्याकडं विश्वास मागत होती. माझ्याकडं. हात जोडल्यासारखे मांडीवर ठेवून. मला ते सहनच झालं नाही, आणि तिला बरं वाटावं, की मला बरं वाटावं, देव जाणे, मी बोलून बसले. "अगं, मला काय ठाव न्हाय व्हय? तुजा कणभर दोष न्हाय. मी तर माज्या परीनं तुला जपलं बग. त्याची उष्टी हळदसुदीक तुला लागू दिली न्हाय. न्हाणीत वतली सगळी, वाटी कढत पाण्यानं धुतली, आन तुज्यासाटी येगळी कालवून आणली."

हे सांगताना माझा आवाज जरा चढला होता. मी शाबासकीची वाट बघत होते, तिच्याकडून.

हळद लागलेल्या गालाला हात लावावा तसा तिनं गालाला हात लावला. मग म्हणाली, "हळदीच्या दिशी?"

"व्हय."

"म्हंजी तवा तुमाला ठावं व्हतं."

आवाजात राग नव्हता. पाढा म्हणताना एखादा आकडा नीट बसावा, तसं ती म्हणाली. मागं बशीचा आवाज झाला म्हणून मी वळले. तात्या चहा घेऊन दारात उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. त्यांनी कपबशी उंबऱ्यावर ठेवली आणि आत निघून गेले.

तिनं हात पुढं केला. "द्या त्यो हिकडं, वन्सं."

"एकच बाजू झालीया गं. दुसरी ऱ्हायलीया."

"आई घालंल टाकं," ती म्हणाली, आणि माझ्या हातातनं तिनं ब्लाऊज काढून घेतला. सुई त्यातच होती.